घरगुती मोठ्या मत्स्यटाकीसाठी विश्वासार्ह हीटरची निवड : कोल्हापूरच्या हवामानाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : शोभिवंत मासे, मत्स्यटाकी, उष्णतेची गळती, थर्मोस्टॅट, विद्युत सुरक्षा

प्रस्तावना

काचेच्या टाकीत शोभिवंत मासे पाळण्याचा छंद महाराष्ट्रात आता नवा राहिलेला नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि कित्येक पिढ्यांनी रंगीत मासे प्रथम तेथेच पाहिले. त्यानंतर दोन फुटी टाकीतील गप्पी आणि गोल्डफिश यांच्यापासून आरंभ झालेला हा छंद कोल्हापूरसारख्या शहरांत चार आणि सहा फुटी टाक्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतही अशा टाक्या असतात. टाकी मोठी झाली की मासेही महाग होतात. डिस्कस, एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना हे सर्व उष्ण प्रदेशांतील मासे होत. त्यांच्यासाठी हिवाळ्यात पाणी तापवावे लागते, आणि तेथून हीटरचा प्रश्न उपस्थित होतो.

हा प्रश्न बहुधा 'कोणत्या कंपनीचा हीटर चांगला?' अशा स्वरूपात विचारला जातो. दुकानदार त्याचे उत्तर आपल्याकडे असलेल्या मालाप्रमाणे देतो. वस्तुतः कोणताही हीटर केव्हा ना केव्हा बिघडणारच. बिघडल्यावर तो काय करील आणि त्या वेळी माशांचे काय होईल, हा त्यामागचा खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात याच अंगाने विवेचन केले आहे.

कोल्हापूरचे हवामान आणि माशांची गरज

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील सरासरी किमान तापमान १४ ते १५ अंश सेल्सिअस आणि कमाल २८ ते ३० अंशांच्या आसपास असते. थंडी कडाक्याची नसली तरी एकाच दिवसातील तफावत मोठी असते. मुंबईतील छंदप्रेमींचा 'हीटरची गरजच नाही' हा सल्ला आणि युरोप-अमेरिकेतील पुस्तकांचा 'बारा महिने हीटर हवाच' हा सल्ला, दोन्ही येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत कोल्हापुरात दिवसाचे तापमानही पंचविशीच्या आसपास रेंगाळते. उघड्या टाकीतील पाणी बाष्पीभवनामुळे त्याहून एखाददोन अंश थंडच राहते. डिस्कससारख्या २८ ते ३० अंश मागणाऱ्या माशाला हा पावसाळाही हिवाळ्यासारखाच असतो.

मासे शीतरक्ती असल्याने त्यांचे चयापचय पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. तापमान दहा अंशांनी उतरले की चयापचयाचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पचन मंदावते, रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगास कारणीभूत होणाऱ्या इक्थिओफ्थिरियस या परजीवीला अंगावर बस्तान बसवणे सोपे जाते. हिवाळ्याच्या पहिल्या लाटेनंतर हा रोग टाक्यांतून दिसू लागतो, त्याचे कारण हेच.

याच्या उलट टोकाचा धोका अधिक वेगाने मारतो. पाणी तापते तसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंशांवर एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर ७.६ आणि ३५ अंशांवर सुमारे ७.०. कोल्हापूरच्या उंचीवर हे आकडे आणखी किंचित कमी भरतील. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढत असते. मागणी वाढावी आणि पुरवठा घटावा, असा हा दुहेरी फास आहे. म्हणूनच थंडीने आजारी पडलेले मासे वाचवता येतात, परंतु उकळीकडे निघालेल्या टाकीतील मासे बहुधा वाचत नाहीत.

येथे एक सूचना करणे अप्रस्तुत होणार नाही. गोल्डफिशला हीटरची गरज नसते आणि कोल्हापूरच्या हिवाळ्यात गप्पीही घरात सहसा तग धरतो. ज्याला हीटरची कटकट नको त्याने आधी माशांची निवड हवामान पाहून करावी. हीटर हा त्यानंतरचा विचार आहे.

'लिटरला एक वॅट' हा ठोकताळा

बाजारात 'जितके लिटर तितके वॅट' हा ठोकताळा सर्रास सांगितला जातो. तो लहान टाकीसाठी बरा असला तरी मोठ्या टाकीसाठी चुकीचा आणि धोकादायक आहे.

टाकीतील उष्णता बाहेर जाते ती तिच्या पृष्ठभागातून, तर पाणी साठते ते घनफळात. टाकी मोठी होते तसे घनफळ पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढते. उदाहरणार्थ, ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी घेतली तर तीत प्रत्यक्ष पाणी साधारण ४८ लिटर मावते. झाकण असेल आणि खाली थर्मोकोलचा थर असेल, तर काचेतून व झाकणातून मिळून दर अंश फरकामागे सुमारे ५ वॅट उष्णता बाहेर पडते. खोली १८ अंशांवर आणि पाणी २६ वर ठेवायचे, म्हणजे फरक ८ अंशांचा. गरज सुमारे ४० वॅटची, म्हणजे लिटरमागे ०.८ वॅट. आता १२० × ६० × ६० सेंटिमीटरची, म्हणजे चार फुटी टाकी पाहू. तीत वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता ३८० लिटर पाणी राहते. तिची गळती दर अंशामागे सुमारे २० वॅट येते. त्याच ८ अंशांच्या फरकाला १६० वॅट पुरतात. लिटरमागे हे प्रमाण ०.४ वॅट, म्हणजे लहान टाकीच्या निम्मे पडते.

हे आकडे काचेच्या जाडीप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे आणि टाकी भिंतीशी आहे की खिडकीशी यानुसार बदलतील. त्यामुळे ज्याच्या घरी टाकी आहे त्याने आपली गळती स्वतः मोजावी. ती मोजण्यास थर्मामीटर आणि घड्याळ यांखेरीज काही लागत नाही. थंडीच्या रात्री हीटर बंद करून पंप चालू ठेवावा, तापमान नोंदवावे आणि चार-सहा तासांनी पुन्हा नोंदवावे. दर तासाला किती अंश उतरले ते काढून त्यास पाण्याच्या लिटरने आणि १.१६ ने गुणले असता गळती वॅटमध्ये मिळते. पाण्याचा विशिष्ट उष्मा लिटरमागे ४.१८६ किलोज्यूल असल्याने हा गुणक येतो. वरील टाकीत आरंभी तासाला सुमारे ०.३६ अंश उतार दिसेल. ३८० × १.१६ × ०.३६ म्हणजे जवळजवळ १६० वॅट.

झाकणाचे महत्त्व याच हिशेबात उघड होते. उघड्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडून जात असेल, तर त्याच्या वाफेबरोबर जाणारी अप्रकट उष्णता सरासरी ११० वॅटच्या घरात जाते. जवळजवळ एक अख्खा हीटर केवळ हवा दमट करण्यात खर्ची पडतो. काचेचे झाकण हीटरहून कितीतरी स्वस्त असते, आणि ते बिघडत नाही. त्याखाली हवा खेळती राहील इतकी फट मात्र ठेवावी.

हीटर कसा बिघडतो

सर्वसाधारण बुडता हीटर म्हणजे काचेची बंद नळी. तीत नायक्रोमच्या तारेचे वेटोळे आणि वरच्या भागात थर्मोस्टॅट असतो. नळी बोरोसिलिकेट काचेची असेल तर ती तापमानाच्या झटक्याला तडकत नाही, कारण या काचेचे प्रसरण साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतके असते. तरीही पाणी बदलताना हीटर चालू राहिला, उघडा पडून तापला आणि त्यावर गार पाणी पडले, तर तीही फुटू शकते. बंद केल्यावर पंधरा मिनिटे थांबून मगच पाणी उपसावे.

खरी नाजूक जागा म्हणजे थर्मोस्टॅट. स्वस्त हीटरमध्ये द्विधातू पट्टी असते. दोन धातूंचे प्रसरण भिन्न असल्याने पट्टी तापली की वाकते आणि विजेचा संपर्क तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. प्रत्येक जोड-तोडीला संपर्कबिंदूंवर बारीक ठिणगी उडते. थर्मोस्टॅट हीटरच्याच नळीत असल्याने त्याला वेटोळ्याची धग लागते आणि तो टाकीच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक वेळा चालू-बंद होतो. दर दहा मिनिटांनी एकदा असे धरले तरी दिवसाला १४४ वेळा आणि चार महिन्यांच्या हंगामात १७ हजारांहून अधिक वेळा. ठिणग्यांनी बिंदू खडबडीत होतात, आणि एके दिवशी ते एकमेकांस चिकटून बसतात. हीटर मग बंदच होत नाही. क्वचित उलट घडते : बिंदू काजळतात किंवा तार तुटते, आणि हीटर चालू होत नाही.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात थर्मिस्टर तापमान ओळखतो आणि रिले किंवा ट्रायॅक वीज जोडतो. अचूकतेच्या दृष्टीने तो निःसंशय सरस आहे. मात्र रिलेचे बिंदूही चिकटतात आणि ट्रायॅकही बहुधा 'चालू' अवस्थेतच निकामी होतो. महाग वस्तू म्हणून ती बिनधोक असे मानण्यास आधार नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मरीनलँड या नामांकित छापाचे स्टेल्थ हीटर वायरिंगमधील दोषामुळे बाजारातून परत मागवल्याचे जाहीर केले होते. नाव मोठे असले तरी अपघाताची शक्यता शून्य होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वॅटचा आणि बिघाडाचा संबंध

वर घेतलेल्या चार फुटी टाकीत 'लिटरला एक वॅट' या न्यायाने कोणी ३०० किंवा ५०० वॅटचा एकच हीटर बसवला, आणि तो चालू अवस्थेत अडकला, असे समजू. खोलीचे चोवीस तासांचे सरासरी तापमान २३ अंश धरू. गळती दर अंशामागे २० वॅट असल्याने ५०० वॅटचा हीटर पाण्याला खोलीपेक्षा २५ अंश वर, म्हणजे ४८ अंशांकडे ओढत राहील. ३०० वॅटचा १५ अंश वर, म्हणजे ३८ कडे. १५० वॅटचा मात्र साडेसात अंश वर, म्हणजे साडेतीस अंशांवर जाऊन थांबेल. प्रत्यक्षात पाणी तापते तसे बाष्पीभवन वाढत असल्याने हे आकडे थोडे खाली येतील, पण क्रम तोच राहील.

वेळेचाही विचार करावा लागतो. २६ अंशांवर असताना बिघाड झाला, तर आठ तासांत, म्हणजे घरची माणसे कामावरून परत येईपर्यंत, ५०० वॅटचा हीटर पाणी ३२-३३ अंशांवर नेतो आणि चोवीस तासांत चाळिशी गाठतो. ३०० वॅटचा आठ तासांत तिशीच्या आत राहतो, पण घर दोन दिवस बंद असेल तर तोही मारक ठरतो. १५० वॅटच्या हीटरला चोवीस तासांनंतरही २९ च्या पलीकडे जाता येत नाही. टाकी सुटीतही सुरक्षित राहते.

म्हणून ३०० वॅटच्या एका हीटरऐवजी १५० वॅटचे दोन घ्यावेत. एक चालू अवस्थेत अडकला तर दुसरा आपोआप बंद राहतो आणि पहिल्याच्या अंगी मासे शिजवण्याइतके बळ नसते. एक कायमचा बंद पडला, तर उरलेला १८ अंशांच्या खोलीतही पाणी साडेपंचवीसच्या आसपास धरून ठेवतो. डिस्कससाठी २९ अंश हवे असल्यास फरक ११ अंशांचा होतो आणि गरज २२० वॅटची. तेथे दोनशेचे दोन घ्यावे लागतात. असा एक अडकल्यास टाकी ३३ अंशांकडे जाईल, जे डिस्कसलाही जड आहे. अशा वेळी बाहेरचा नियंत्रक आवश्यक ठरतो.

बाहेरच्या नियंत्रकाचे तत्त्व नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २६ वर आणि नियंत्रक २७ वर ठेवला, तर दोन्ही एकामागून एक, म्हणजे एकसरीत जोडलेले स्विच होतात. पाणी अति तापण्यास दोन्ही एकाच वेळी अडकावे लागतात. समजा, केवळ उदाहरणादाखल, प्रत्येक स्विच वर्षात अडकण्याची शक्यता शंभरात दोन आहे. तर दोन्ही अडकण्याची शक्यता दहा हजारांत चार होते. परंतु साखळीत कडी वाढली की पाणी थंड पडण्याची शक्यता वाढते, कारण दोहोंपैकी कोणताही एक बंद पडला तरी वीज तुटते. दोन हीटर समांतर जोडल्याने नेमके याच्या उलट होते. म्हणून दोन्ही उपाय एकत्र करावेत : दोन हीटर, आणि शक्य तर प्रत्येकाला स्वतंत्र नियंत्रक. एकाच पेटीतून, एकाच दिवशी घेतलेल्या दोन हीटरमध्ये एकच दोष असू शकतो. तेव्हा वरील गुणाकार त्यांना लागू पडत नाही. दोन वेगळ्या उत्पादकांचे घेणे शहाणपणाचे.

नियंत्रकाची संवेदक वायर रबरी चोषकातून निसटून बाहेर लोंबू लागली, तर तो खोलीची थंडी मोजतो आणि हीटरला अखंड वीज देत राहतो. हीटरचा अंतर्गत थर्मोस्टॅट 'कमाल'वर फिरवून ठेवण्याची जी प्रथा आहे ती अशा प्रसंगी अंगाशी येते. वायर प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवावी.

वीजपुरवठा : दाब, खंड आणि सुरक्षा

हीटरवर छापलेले वॅट ठरावीक दाबालाच खरे असतात. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टसाठी बनवलेला ३०० वॅटचा हीटर १९० व्होल्टवर सुमारे २०५ वॅटच देतो. संध्याकाळी दाब पडणाऱ्या भागात हा फरक गळतीइतकाच महत्त्वाचा होतो. उलट २२० व्होल्टचा आयात हीटर २४० वर छापील आकड्यापेक्षा एकोणीस टक्के अधिक तापतो. परदेशातील आप्तांनी भेट म्हणून आणलेला ११० व्होल्टचा हीटर तर येथे चौपट शक्तीने जळून क्षणात निकामी होईल.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत टाकी थंड पडण्याची धास्ती छंदप्रेमींना होती. मोठ्या टाकीच्या बाबतीत ती काहीशी अनाठायी होती. वरील चार फुटी टाकी ८ अंशांच्या फरकावर असताना सहा तास वीज नसली तरी पाणी दोन अंशांहून कमी उतरते. दोन फुटी टाकी त्याच वेळात तीन अंशांहून अधिक उतरते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शहराच्या अनेक भागांतील वीज खंडित झाली, तेव्हाही पावसाळी खोलीच्या तापमानाखाली पाणी फारसे जाण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न ऑक्सिजनचा होता. घरातील इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम १.८ युनिट वीज असते. तीवर ३०० वॅटचा हीटर पाच-सहा तासही चालणार नाही, उलट ५ वॅटचा हवेचा पंप कित्येक दिवस चालेल. इन्व्हर्टरवर पंप ठेवावा, हीटर ठेवू नये.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड करू नये. बहुतेक काचेच्या हीटरना दोनच पिना असतात, अर्थिंग नसते. नळीला तडा गेला तर पाण्यात वीज उतरते. परंतु टाकी काचेची आणि स्टँड लाकडी असल्याने ती जमिनीकडे जाऊ शकत नाही, म्हणून काहीच जाणवत नाही. मासे नेहमीसारखे पोहत असतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने पाण्यात हात घातला की त्याच्या शरीरातून वाट मिळते. ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, त्या क्षणी वीज तोडतो. तो बसवावा, आणि तो असला तरी पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढण्याची सवय मोडू नये. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोल घेऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता झोलाच्या तळाशी ठिबकते. खरेदी करताना आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या आयईसी ६०३३५-२-५५ या, खास मत्स्यटाक्यांच्या उपकरणांसाठी असलेल्या मानकाचा उल्लेख आणि आयपी ६८ ही जलरोधकतेची खूण वेष्टनावर पाहावी.

बादलीतील पाणी तापवण्याचा रॉड टाकीत घालण्याचा प्रकार काही घरांत आढळतो. तो सर्वथा वर्ज्य समजावा. १५०० वॅटचा रॉड ३८० लिटर पाणीही दर अठरा मिनिटांना एक अंश तापवतो, त्याला थर्मोस्टॅट नसतो, आणि त्याच्या नळीचा मुलामा उडाल्यास तांबे पाण्यात उतरते. तांबे माशांना आणि त्याहून अधिक गोगलगाय-झिंग्यांना विषारी असते.

बसवणे आणि देखभाल

चार फुटी टाकीत एका टोकाचा हीटर दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचत नाही. पाण्याचा प्रवाह नसेल तर दोन कोपऱ्यांत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून दोन्ही हीटर दोन टोकांना, फिल्टरच्या प्रवाहाजवळ, वाळूत न रुतवता बसवावेत. खालच्या स्वतंत्र टाकीत हीटर ठेवण्याची पद्धत दिसायला नीटस आहे. मात्र वर पाणी चढवणारा पंप बंद पडला तर खालचे थोडे पाणी तापत राहते आणि वरची टाकी गारठते. तेथे हीटर आणि पंप एकाच स्विचवर ठेवावेत. ऑस्करसारखे दांडगे मासे काचेची नळी धडकेने फोडतात. त्यांच्या टाकीत जाळीचे आवरण किंवा टायटॅनियमचा हीटर बरा. टायटॅनियमच्या हीटरला बहुधा स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो, हे ध्यानात घेऊन त्यास नियंत्रक जोडावाच.

बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत नळीवर पांढरा क्षार साचतो. त्याखाली उष्णता अडकून काच जागोजागी अधिक तापते. दर दोन महिन्यांनी हीटर बाहेर काढून, थंड झाल्यावर, पातळ व्हिनेगरमध्ये तासभर ठेवला की क्षार सुटतो. नळीच्या आत दव धरलेले दिसले तर हीटर त्याच दिवशी टाकून द्यावा. तो वाळवून पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये.

नवा हीटर थेट टाकीत न लावता प्रथम बादलीभर पाण्यात एक दिवस चालवून पाहावा. त्याच्या आकड्यांवर विश्वास न ठेवता स्वतंत्र थर्मामीटरने पडताळावे. छापील खुणेत आणि प्रत्यक्षात दोन अंशांचा फरक असणे नेहमीचेच. हंगाम संपल्यावर काढून ठेवलेला हीटर पुढील नोव्हेंबरमध्ये, पहिल्या थंडीच्या आधी, याच बादलीत पुन्हा तपासून मगच टाकीत सोडावा.